वाऱ्याचं पिल्लू आणि पितळी एअरब्रश

कुंदाला रात्रभर झोप लागली नव्हती. काळजी सुजलेल्या अंगठ्याची होतीच, पण त्याहून मोठी होती मनवाची. आठ वर्षांची तिची लेक मनाने चांगली होती. आपल्या वाट्याचं दूध मांजराला देऊन यायची. पण गोड काही नव्हती. कुठे काही चुकीचं दिसलं की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा आणि तोंड सुरू. कुंदाने लहानपणी पेटीभर परीकथा वाचल्या होत्या. त्यातल्या एकाही परीने चिडक्या मुलीला काही दिल्याचं तिला आठवेना.

जांभुळबनाच्या काठावर एका खोलीत मायलेकी राहत. कुंदा अंगठ्याएवढे मातीचे सैनिक करायची. इवल्या ढाली, इवले भाले, सोंड उचललेले इवलेसे हत्ती. मुलं ते टेबलावर मांडून लढाया खेळत. यंदा जत्रेसाठी दोनशे सैनिक रंगवायचे होते आणि ब्रश धरणारा अंगठाच रुसला होता. सैन्य वेळेत उभं राहिलं नाही, तर हे काम कायमचं दुसऱ्याकडे जाणार होतं.

"आपण एअरब्रश घेऊ या," मनवा म्हणाली. "चाप दाबला की रंगाचा फवारा. पाठपोट एकदम रंगतं. बारीकसारीक तेवढं तू ब्रशने कर."

गावातल्या दुकानदाराने सगळ्यात महागडा एअरब्रश पुढे ठेवला. "हा घ्या. झेपत नसेल तर राहू द्या, बाई. चुलीपुढचं काम नाही हे."

"काका, आम्ही पहिल्यांदाच घेतोय. आम्हाला कोणता बरा, एवढंच विचारलं होतं," मनवा म्हणाली. "चुलीचं कोणी विचारलं नव्हतं."

कुंदाने तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

परतीच्या वाटेवरच्या बागेत, तगरीच्या झुडपाखाली कोणीतरी मुसमुसत होतं. वीतभर उंचीची परी. मोरपंखी पंख, सायलीच्या पाकळ्यांचा झगा आणि मांडीवर सोन्याचा एअरब्रश. फुलपाखरांना रंग देणं हे तिचं काम. पण एअरब्रशचं तोंड केसाहून बारीक, त्यात रंग वाळून बसलेला. समोर पन्नास फुलपाखरं पांढरीफटक, ताटकळत बसलेली.

"धुतला नव्हतास ना?" मनवाने विचारलं. "आईचे ब्रश मी रोज धुते. तू परी असून तुला कळत नाही? बिचारी कधीची थांबलीत."

असं रागे भरत भरतच तिने आतली सुई अलगद मागे ओढली आणि दवाच्या थेंबांनी सगळं लख्ख धुऊन दिलं. फुस्स झालं. हळदी, शेंदरी, जांभळी, निळी फुलपाखरं भुरभुर उडाली.

परीने डोळे पुसले. "एक इच्छा माग."

"आईला एअरब्रश."

तगरीच्या फांदीवर तीन एअरब्रश झुलू लागले. सोन्याचा, चांदीचा आणि पितळेचा.

"नियम ऐक," परी म्हणाली. "एकच घ्यायचा. आधी हात लावायचा नाही. आणि प्रश्न एकच विचारायचा."

मनवाचं नाक लाल झालं. "हात न लावता? आमच्याकडे लोक मातीचा हत्तीसुद्धा उलटासुलटा करून घेतात. कोणी केले हे नियम?"

"फार जुने आहेत गं," परी ओशाळली. "हा प्रश्न मी धरत नाही हं."

कुंदाने घाबरून लेकीचा फ्रॉक ओढला. "मने, गप. सोन्याचा घे. सैनिक इवले, तर तोंडही बारीकच हवं."

मनवाने आईच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "रंग अडकला, तर यातला कोणता माझ्या आईला दुखऱ्या हाताने, एकटीने उघडून धुता येईल?"

सोन्याच्याने तोंड फिरवलं. चांदीचा उगाच चमकला. पितळी मात्र खळखळ सुटा झाला आणि पुन्हा जुळला.

"याचं तोंड जरा रुंद आहे," परी म्हणाली. "रंग सहसा अडकत नाही. पण मुंगीची पापणी काही याने रंगवता येणार नाही."

"पापण्या आई ब्रशने काढते."

परी खुदकन हसली. तिने एक छोटा भोपळ्याचा तुंबा पुढे केला. आत वाऱ्याचं पिल्लू होतं, एअरब्रशला फुंकर घालायला. "रोज धुतलात तर गुणगुणेल, नाही धुतलात तर रुसून बसेल. आणि मनवा, तू रागावतेस ते दुसऱ्यासाठी. म्हणून हे तुझं." एवढं बोलून ती केशरी उजेडात विरघळून गेली. पाकळ्यांवर चांदीची धूळ तेवढी उरली.

घरी कुंदाने चाप दाबला आणि पहिल्याच हत्तीला निळी आंघोळ घातली. दुसरा बरा झाला. दहावा तर पहाटेच्या आभाळासारखा. पिल्लू गुणगुणत राहिलं, अंगठा निवांत राहिला, आणि जत्रेआधी दोन दिवस दोनशे सैनिक टेबलावर झळाळत उभे होते.

कुंदाचा जीव भांड्यात पडला. परीला चिडकी मुलगी चालली होती. आता चार शब्द शिकवायला हरकत नाही, असं वाटून ती म्हणाली, "बघ मने, चांगलं वागलं की चांगलं मिळतं."

मनवा तुंब्यावरून हात फिरवत होती. तिच्या नाकाचा शेंडा हळूहळू लाल झाला.

"आणि ज्यांच्या वाटेत बाग नाही," ती म्हणाली, "त्यांच्या आयांचे अंगठे दुखतच राहायचे का?"