पाणवठ्याची राखण

मुलांनो, सागाच्या एका जंगलात एक तरुण वानर बऱ्याच वर्षांनी परतून आला होता. दूरदूरची राने पाहून तो पुष्कळ शिकला होता, आणि ते सारे आपल्या जंगलाच्या कामी यावे अशी त्याची मनापासून इच्छा होती. त्याच सुमारास हरणांच्या कळपाला राखणदार हवा होता. उन्हाळ्यात एकच डोह उरला होता आणि पंधरा दिवसांत बिबट्याने तिथून तीन पाडसे नेली होती. कळपाची रीत अशी, की राखणीला येणाऱ्याने कळप पाणी पीत असताना आपली ओळख सांगायची. त्याचे बोलणे संपेपर्यंत कोणी डोहावरून हलायचे नाही.

आधी कावळा आला. "मला सगळं दिसतं," एवढेच तो बोलला. "म्हणजे काय काय दिसतं रे?" कळपाची म्होरकी असलेल्या म्हाताऱ्या हरिणीने विचारले. "एवढ्यावरून ओळखा की, आजी!" "आमच्या लेकरांचा जीव एवढ्याशा बोलण्यावर सोपवू होय?" हरिणी म्हणाली.

आपले असे होऊ नये, म्हणून वानराने जांभळीवर बसून थेट जन्मापासून सुरुवात केली. कोणत्या रानात किती वर्षे काढली, कोणत्या कड्यावरून केवढी उडी मारली, कोणत्या गुरूकडे काय शिकला! बिबट्या हेरण्याची गोष्ट त्याने मुद्दाम शेवटी ठेवली होती. कळपाचे पाणी पिऊन झाले, तरी सगळे रीतीप्रमाणे ताटकळत राहिले. "आणि सातव्या रानात..." म्हणता म्हणता वानराची नजर खाली गेली. बिबट्या गवतातून पाडसांपाशी पोचला होता! वानर जिवाच्या आकांताने ओरडला. कळप उधळला. एक पाडस रक्ताळलेल्या पायाने कसेबसे निसटले.

दुसऱ्या दिवशी वानर पुन्हा आला. "आजी, गवतात दडलेला बिबट्या मी उंचावरून ओळखतो. दिसला की लगेच ओरडतो. पलीकडच्या रानात चार उन्हाळे हेच काम केलं. तिथलं एकही पाडस गेलं नाही. काल मात्र मी गवताकडे पाहायचं सोडून स्वतःकडेच पाहत बसलो." एवढे बोलून तो थांबला. कळपाचे पाणी अजून पिऊन व्हायचे होते.

"आणि ती सात रानं?" हरिणीने विचारले.

"विचाराल तेव्हा सांगेन."

"मग बैस वर," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी डोळे मिटून पाणी पिऊ लागली.

तात्पर्य : काम मागताना आपली ओळख त्या कामाला पुरेल एवढीच लांब असावी; आपल्या अभिमानाला पुरेल एवढी नव्हे.