दोन ठोक्यांमधली जागा

फार पूर्वी वेणुमती नदीच्या काठी, सोमवर्धन नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व भेरी वाजवणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. राजवाड्यात त्याच्यासाठी मानाची जागा राखून ठेवलेली होती. पण हा गडी नदीकाठच्या उंच बुरुजावर जाऊन बसला तो बसलाच. नदीच्या मधोमध वाळूचे एक मोठे बेट होते. उन्हाळ्यात गरीब माणसे तिथे झोपड्या घालून कलिंगडे आणि काकड्या पिकवीत. वर डोंगरात पाऊस कोसळला की इकडे लख्ख ऊन असतानाच पुराचा लोंढा येई. डोंगरावरचे राखणदार धूर करीत, आणि धूर दिसला की बोधिसत्त्व भेरी वाजवून बेटावरच्यांना सावध करी.

ती वाजवण्याची रीत अगदी बाळबोध होती. एक ठोका, मग थांबायचे, मग पुन्हा एक ठोका.

त्याचा शिष्य रोहक याला या ठोक्याचा मनस्वी कंटाळा होता. बेटावरच्याच वसुला नावाच्या विधवेचा हा एकुलता एक मुलगा. हात इतका तयार की अवघडातले अवघड बोल तो हसत हसत वाजवी.

"आचार्य, हे तर लहान मूलही वाजवील," तो एकदा म्हणाला. "मध्ये एवढी जागा मोकळी कशाला सोडायची?"

"ती जागा आपली नव्हे, बाळा," बोधिसत्त्व म्हणाला. "तेवढ्यात बेटावरच्या बाईला मूल कडेवर घ्यायचं असतं. म्हाताऱ्याला हाक मारायची असते, आणि त्याची ओ ऐकायची असते."

रोहकाने मान डोलावली. मनात मात्र म्हणाला, हात थकले की माणूस अशाच सबबी सांगतो.

एके दिवशी बोधिसत्त्व तापाने फणफणला. "साधंच वाजव," असे बजावून त्याने रोहकाला बुरुजावर धाडले. नेमका त्याच दिवशी सुबाहू राजा लवाजम्यासह नदीकाठच्या आमराईत उतरला होता. रोहकाचे हात शिवशिवत होते. राजाच्या कानांवर आपली भेरी एकदा पडली की आईला त्या तापल्या वाळूतून उचलून नगरात घर देता येईल, एवढेच त्याच्या डोक्यात होते. दुपारी डोंगरावर धूर दिसला.

त्याने ठोका दिला. तो थांबला. आणि त्या थांब्यात त्याला राहवले नाही; त्याने एक छोटासा तुकडा भरला. सावध तर करतोच आहे, मग जरा सुंदर केले तर काय बिघडले, असे त्याला वाटले. बघता बघता मोकळी जागा उरलीच नाही. खरे सांगायचे तर तसे वादन त्या नदीने कधी ऐकले नव्हते. आमराईत राजा उठून उभा राहिला.

बेटावर लोकांनी माना वर केल्या. "राजा आलाय ना, त्याचं स्वागत चाललंय," कोणी म्हणाले, आणि सगळे पुन्हा वेलींवर वाकले. वसुलेने मात्र हात ओळखला. "अगं बाई, माझा रोहक वाजवतोय!" म्हणत ती बुरुजासमोरच्या वाळूच्या टोकाशी गेली, कारण तिथून नीट ऐकू येई. बेटावरची सगळ्यात सखल जागा तीच होती. वरून रोहकाला तिचे पिवळे लुगडे दिसले. ती हात हलवत होती, कौतुकाने. त्या वेड्या पोराने वाजवण्यात आणखी जीव ओतला.

बोधिसत्त्वाने अंथरुणात ते ऐकले आणि तो तसाच उठला. भिंत धरत धरत तो बुरूज चढला, रोहकाच्या हातून टिपऱ्या घेतल्या आणि वाजवू लागला. एक ठोका. थांबा. एक ठोका. बेटावर एकच धांदल उडाली. थांब्याथांब्यातून हाका ऐकू आल्या, मुले कडेवर आली, होड्या सुटल्या. झोपड्या गेल्या, मळे गेले, माणसे वाचली. टोकाशी गेलेली वसुला तेवढी परत फिरू शकली नाही. पाणी आधी तिथेच आले, आणि रोहक ते वरून पाहत होता.

संध्याकाळी राजाचा माणूस सोन्याचा हार घेऊन आला. दुपारी वाजवणाऱ्याला राजवाड्यात जागा दिली आहे, म्हणाला. रोहकाने हाराला हात लावला नाही. हार तसाच परत गेला.

"ती हात हलवत होती, आचार्य," रोहक हुंदके देत म्हणाला. "मला वाटलं, आणखी वाजव म्हणतेय. मला मारा. शिव्या तरी द्या."

"तिनं तुझं ऐकलं ते सुखानं ऐकलं," बोधिसत्त्व म्हणाला. मग डोळे पुसून त्याने टिपऱ्या पुढे केल्या. "नदी उद्याही आहे, बाळा. घे."

रोहक म्हातारा होईपर्यंत त्या बुरुजावर बसला. प्रत्येक थांब्यात त्याची नजर त्या टोकाकडे जाई.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही मागल्या जन्मीची कथा सांगितली ती कलंद नावाच्या एका भिक्षूमुळे. धर्मवचने म्हणताना तो अशा लांबच लांब ताना घेई की सभा डोलू लागे. एक म्हातारी उपासिका मात्र म्हणाली, "भंते, आवाज फार गोड हो तुमचा. पण सांगितलंत काय, ते मला कळलं नाही." सगळे हसले. शास्ता हसला नाही. कथा संपवून तो म्हणाला, "तेव्हाचा रोहक तो हा कलंद. बुरुजावरचा आचार्य तो मीच. आणि वसुला ती ही म्हातारी."

कलंद उठून तिच्यापाशी जाऊन बसला. मग त्याने धर्मवचनातला एक शब्द म्हटला आणि तो थांबला. म्हातारीने तो शब्द आपल्या बोळक्या तोंडाने हळूच म्हणून पाहिला. ती पुरा म्हणेपर्यंत त्याने पुढचा शब्द उच्चारला नाही.

"ऐकणाऱ्यासाठी जागा सोडणे," शास्ता म्हणाला, "हीच करुणा."