चुलीत ओतलेले पाणी

एकदा घाटमाथ्यावरच्या एका वस्तीत चुली बांधणारी एक वृद्धा राहत होती. तिच्या हाताला गुण होता. नुसत्या दगडमातीतून ती घर उबदार ठेवणारी चूल उभी करीत असे. माजघराच्या मधोमध, कमरेएवढी उंच, समोर लोखंडी दार, दारात हवेसाठी सरकती झडप आणि वर कौलांतून बाहेर गेलेले धुराडे. त्या वस्तीवर पाऊस चार महिने आणि गारठाही जवळजवळ तेवढाच. अशा ठिकाणी चूल भाकरीपुरती नसते. तिच्याभोवती बसून माणसे वर्षाचा तिसरा भाग काढतात.

वृद्धेची एक शिष्या होती, त्याच वस्तीतली एक तरुण सून. दोन वर्षे तिने माती तुडवली, दगड पारखायला शिकली आणि पहिली मुलगी झाली त्या वर्षी स्वतःच्या घरात स्वतःच्या हाताने चूल बांधली. चूल देखणी झाली. पण मार्गशीर्ष लागला आणि आठ महिन्यांच्या शेवंतीला खोकला लागला.

मूल खोकत असले की आईचे कान निजत नाहीत. भाकरी थापताना, पाणी भरताना, तिचे अर्धे लक्ष त्या एवढ्याशा छातीकडे. आता खोकली, आता थांबली, थांबली ती का थांबली, असा जीव टांगलेला.

घाटाखालच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिले आणि म्हणाले, "बाई, हिला धूर चालणार नाही आणि गारठाही चालणार नाही. दोन्ही सांभाळता येत नसेल तर थंडी सरेपर्यंत माहेरी घेऊन जा."

माहेर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. तिथेही हाच गारठा, आणि चूल तर उघडीच. चूल विझवावी तर पोर काकडते, पेटवावी तर गुदमरते. घाट चढून घरी येईपर्यंत तिने मनाशी एकच ठरवले, की चूल विझवायची नाही, पोर हलवायचे नाही, धूर मात्र घालवायचा म्हणजे घालवायचा.

तिला वाटले, आपलीच चूल चुकली. तिने ती फोडली, पुन्हा बांधली. धुराडे हातभर उंच केले. तरी धूर तसाच. पुन्हा फोडली, पुन्हा बांधली. धूर आपला चुलीच्या दाराच्या फटीतून घरात, आणि विस्तव दिवसभर सूं सूं करीत फुरफुरतो आहे.

विस्तव फुरफुरला की कोणीतरी आपली निंदा करते, असे त्या भागात मानतात. सासूने तर माणूसही ठरवून टाकले.

"ती वरच्या आळीची चिमाक्का. दुसरं कोण? बारशाला तिच्या ओटीत नारळ लहान पडला. तेव्हापासून तिच्या पोटात दुखतंय."

"आत्याबाई, नारळावरून कोणी एवढं बोलतं का? दिवसभर?"

"तू नको मला शिकवू. तिला दुसरा धंदा काय आहे?"

आणि सासूने मीठ, मोहरी, तीन सुक्या मिरच्या घेतल्या, नातीवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. ठसका काही उठला नाही. मिरच्यांचा ठसका उठला नाही म्हणजे दृष्ट मोठी, हाही तिथला समज. म्हणून दुसऱ्या दिवशी सात मिरच्या टाकल्या. त्या दिवशी नेमका विस्तव धरला होता. घरभर असा ठसका उठला की सासू डोळे पुसत अंगणात, सून पोर पदराखाली झाकून अंगणात, आणि शेवंतीचे ओठ निळसर पडले.

"बघ, कशी उतरली!" सासू खोकत खोकत म्हणाली.

पोराचा श्वास सुरळीत होताच तिला कडेवर घेऊन सून तशीच वृद्धेच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आजी, माझी चूल चुकली आहे. तिसऱ्यांदा फोडायला निघाले आहे. तुम्ही एकदा येऊन बघा."

"फोडू नकोस. उद्या सकाळी येते," एवढेच वृद्धा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकीत आली. चुलीकडे पाहिले, धुराड्यात हात घालून पाहिला. हात चिकट काळा झाला. मग पाटावर बसून म्हणाली, "पोरी, तांब्याभर पाणी आण."

म्हातारीला तहान लागली असेल असे दोघींना वाटले. सुनेने तांब्या दिला.

"आता रोजच्यासारखं एक लाकूड घाल."

सुनेने लाकूड सारले. वृद्धेने तांब्या उचलला आणि त्यातले पाणी सरळ चुलीत ओतले. भस्स करून राख उडाली.

"अहो मावशी!" सासू ओरडली. "पेटत्या चुलीत पाणी? घरात तान्हं पोर आहे. काय अवदसा आठवली तुम्हाला?"

पेटत्या चुलीवर पाणी ओतणे म्हणजे घराचे वाईट चिंतणे. वस्तीत कोणी वैऱ्याच्या घरीही असे करणार नाही.

"तांब्या भरून आण, पोरी. दुसरं लाकूड घाल."

सुनेने एकदा सासूकडे पाहिले. पण दोन वर्षांत ही बाई उगाच काही करत नाही एवढे तिला समजले होते. तिने तांब्या भरला. पुन्हा लाकूड, पुन्हा पाणी. तिसऱ्या वेळी सासूने पुढे होऊन वृद्धेचे मनगटच धरले.

"बास! आता एक थेंब टाकाल तर बघा!"

वृद्धा हसली. "बाई, मी दोन तांबे ओतले तर तुम्ही माझा हात धरलात. या चुलीत रोज घागरभर पाणी ओततात. तो हात कोणी धरत नाही."

"कोण ओततं?"

"तुमची सून."

"मी? आजी, शेवंतीची शपथ..."

"शपथ नको घेऊस. तुझं सरपण कुठं आहे ते दाखव."

मागच्या पडवीत सरपण रचलेले होते. दसरा झाला की वस्ती जंगलात कोयता घालते आणि दिवाळीपासून तेच जाळते. वर्षानुवर्षांची रीत. वृद्धेने त्यातले एक लाकूड उचलले. मग ती पडवीच्या कोपऱ्यात गेली. तिथे चार दगडांवर, घोंगडीखाली, आणखी एक रास होती.

"आजी, ते नको! ते आत्याबाईंचं आहे."

वृद्धेने तोवर तिथलेही एक लाकूड काढले होते. लांबी तेवढीच, जाडी तेवढीच. दोन्ही सुनेच्या हातांत दिली. दसऱ्याच्या लाकडाचा हात खाली गेला.

"ठोक एकमेकांवर."

तिने दसऱ्याचे लाकूड जमिनीवर ठेवून त्यावर तसलेच दुसरे मारले. बद्द, असा जाडसर आवाज झाला. मग घोंगडीखालची दोन घेऊन एकमेकांवर मारली. टण्ण!

"या लाकडात जे जास्तीचं जड आहे ते काय?" वृद्धेने विचारले.

सुनेने जड लाकूड पुन्हा उचलून पाहिले. मग हळूच म्हणाली, "पाणी."

"शेवंतीचं दुपटं ओलं झालं, तर तिला त्यात गुंडाळून 'आता ऊब येईल हं' असं म्हणतेस का? नाही ना? मग ओल्या लाकडात गुंडाळून घर का ठेवलंस? तुझी आग बिचारी आधी ते पाणी उकळत बसते. तिची निम्मी शक्ती त्यातच जाते. उरल्यासुरल्यात ती धुमसते, आणि धूर म्हणजे काय? न जळलेलं लाकूड. तेच धुराड्याला चिकटतं, तेच पोरीच्या छातीत जातं. आणि बाई, विस्तवात चिमाक्का बोलत नाही. चुलीतल्या लाकडाच्या टोकाला जाऊन बघा, फेस येतोय. पाणी उकळतंय ते."

सासूने आत जाऊन चुलीत डोकावून पाहिले. पाण्यातून वाचलेल्या एका लाकडाच्या टोकाला फेस येतच होता. ती परत पडवीत आली.

"रात्री काय करतेस?" वृद्धेने शिष्येला विचारले.

"मोठा ओंडका घालते आणि झडप लावते. म्हणजे सकाळपर्यंत पुरतो."

"पुरत नाही, कोंडतो. आगीला झोपवायचं नसतं. मनगटाएवढी फोड घ्यायची, झडप उघडी ठेवायची, आग लखलखीत पेटू द्यायची. दगड तापले की काम झालं. मग निखारे पुरते विझले तरी दगड जागे राहतात. दगड कशासाठी रचायला शिकवले तुला? चूल तुझी चांगली आहे. तिला खायला घालतेस ते वाईट आहे."

दोन वर्षे शिकूनही हे आपल्या ध्यानात आले नाही, म्हणून शिष्येची मान खाली गेली. पण मान खाली घालून पोराचा खोकला थांबत नाही. तिने विचारले, "मग आता काय करू? वाळलेलं सरपण वस्तीत कोणाकडेच नाही."

बोलून गेली आणि तिचे तिलाच समजले. तिघींचीही नजर कोपऱ्यातल्या घोंगडीकडे गेली होती.

ती रास साधी नव्हती. नऊ वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात सासरे गेले. पावसात भिजलेले सरपण. सरण धरेना. तुपाची बरणी रिकामी झाली, दिवस कलला, तरी ते धुमसतच राहिले आणि सासू दुरून तो पांढरा धूर पाहत उभी राहिली. पुढच्या उन्हाळ्यात तिने परसातले जुने आंब्याचे झाड पाडून घेतले, फोडून घेतले, दगडांवर रचून वर घोंगडी घातली आणि सर्वांना बजावले, हे माझ्या सरणाचं. माझ्या वेळी असं होऊ देणार नाही. त्यानंतर घरात लग्न झाले, बारसे झाले, पण त्या राशीतली काटकीही कोणी हलवली नाही.

वृद्धेला हे ठाऊक होते. तिने मागितले काहीच नाही. सुनेच्या हातातली दोन्ही लाकडे घेऊन घोंगडीखाली नीट परत ठेवली आणि सासूला विचारले, "बाई, ओलं लाकूड जळत नाही, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

सासूने घोंगडीचे टोक सारखे केले. "त्या दिवसानं," ती म्हणाली.

"हो ना. मेलेल्या माणसाला कोरडं लाकूड लागतं, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक आहे. जित्या जिवालाही तेच लागतं, एवढंच कोणाच्या ध्यानात येत नाही."

आणि काठी उचलून ती निघून गेली.

सुनेने घोंगडीकडे पुन्हा पाहिले नाही. आत येऊन तिने कपड्याची चुंबळ केली, दोरी खांद्यावर टाकली आणि पोर सासूच्या मांडीवर दिले.

"कुठं निघालीस?"

"घाटाखाली लाकडाची वखार आहे. तिथलं वाळलेलं मिळेल. रोज एक भारा आणीन."

"रोज? घाट चढून? डोक्यावर?"

"हो."

"माघापर्यंत?"

"फाल्गुनापर्यंत लागलं तर फाल्गुनापर्यंत."

मांडीवरची शेवंती खोकली. छोटासा, कोरडा खोकला. सासूने तिची पाठ चोळली, मग तिला पुन्हा आईच्या हातात दिले, गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि पडवीत गेली. घोंगडी ओढल्याचा आवाज आला.

"आत्याबाई, नका! ते तुमचं..."

"गप बस. मला काय आज जायचंय? माझं वाळायला एक उन्हाळा पुरेल. तुझ्या पोरीला उन्हाळ्यापर्यंत पुरवायची आहे. कुऱ्हाड आण. आणि म्हातारी काय म्हणाली? मनगटाएवढं ना? माझ्या मनगटाएवढं की तुझ्या?"

सुनेला हसू आले आणि डोळेही भरले. तिने चुंबळ खाली ठेवली.

दिवसभर दोघींनी काम केले. बोरीची काटेरी फांदी दोरीला बांधून धुराड्यातून वरखाली ओढली, तर टोपलीभर काजळी पडली. लाकूड बारीक फोडले. संध्याकाळी झडप उघडून आग लावली. ती एकदम उभी राहिली, पिवळीधमक, आणि तिचा आवाज नाही. तासाभरात चुलीचे दगड असे तापले की त्यांच्यालगत शेवंतीचे दुपटे वाळत घालता आले. मग नवे लाकूड घातलेच नाही. दगडांची ऊब पहाटेपर्यंत होती.

"आज आपल्याविषयी कोणी बोलत नाही वाटतं," सासू चुलीकडे बघत म्हणाली.

चौथ्या दिवशी दारात चिमाक्का उभी. हातातल्या खापरात राखेखाली झाकलेले निखारे.

"अगं, दोन दिवस बघतेय, तुमच्या धुराड्यातून धूर दिसत नाही. म्हटलं, चूल विझली की काय, आणि घरात तान्हं पोर. म्हणून विस्तव घेऊन आले."

सासू तिच्याकडे बघतच राहिली. मग पाट पुढे सरकवून म्हणाली, "ये, बस. चूल पेटलेली आहे. हात लावून बघ दगडांना."

पौष सरला, माघ सरला. खोकला आधी कमी झाला, मग एक दिवस आईच्या लक्षात आले की आज सकाळपासून आपण कान लावून बसलोच नाही. सासूची रास मात्र संपत आली होती. ती संपली तेव्हा उन्हे तापू लागली होती.

चैत्रात सासूसुनांनी मिळून नवे लाकूड तोडले आणि पडवीत आणले. सुनेने दगड मांडायला घेतले. चार इकडे, चार तिकडे.

"हे काय?" सासूने विचारले.

"ही रास घराची. ही तुमची. या वेळी तुमच्याला मी हात लावू देणार नाही."

सासूने पायाने पलीकडचे चार दगड अलीकडे सरकवले.

"एकच रच, मोठी. ज्याला आधी लागेल त्यानं घ्यावं."

सुनेने आठही दगड एका ओळीत मांडले आणि पहिले लाकूड त्यावर ठेवले.

ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे, त्यांनी आपले सरपण चैत्रातच रचावे, आणि हिवाळ्यात चुलीत घालण्याआधी एकदा ठोकून पाहावे.