दादाचा सूर

एका गावात दोन भाऊ होते. थोरला सतार वाजवायचा आणि धाकटा तिच्यासोबत गायचा. त्या सतारीचा भोपळा थोरल्याने स्वतः गोठ्याच्या छपरावर वेल चढवून वाढवला होता.

एका पावसाळ्यात थोरला तापाने गेला. नदीपलीकडे त्याला अग्नी दिला. घरात त्याची बायको, धाकटा भाऊ आणि भिंतीला टेकलेली सतार एवढंच राहिलं.

धाकट्याला सतार वाजवता येत नव्हती. एक दिवस तो म्हणाला, "वहिनी, मी हिचा तंबोरा करून आणतो. नुसत्या तारा छेडायच्या असतात, तेवढं मला जमेल. वर्षश्राद्धाला नदीवर गाईन."

वहिनीने सतार दिली, पण हातातून लगेच सोडली नाही. "भावजी, त्यांचं एवढंच उरलंय घरात. सांभाळून."

वाद्यं बनवणाऱ्या कारागिराने दांडीवरचे सुरांचे पडदे काढले, नव्या खुंट्या बसवल्या. मग विचारलं, "तारा कोणत्या लावू? आणि सूर कोणता?"

"जाड लावा. नदीपलीकडे ऐकू गेलं पाहिजे. आणि सूर दादाचाच, वरचा."

"दोन्ही एकदम नाही मिळायचं, पोरा. वरचा सूर हवा तर बारीक तार घे, आवाज लहान येईल. जाड तार हवी तर सूर खाली ठेव. जाड तार वर ताणलीस तर सगळा भार या पातळ भोपळ्यावर येईल. पाळण्यात म्हैस झोपवतात का?"

"दादा तर रोज याच सुरात वाजवायचा!"

"बारीक तारांवर वाजवायचा. आणि तुझा आवाज ऐकतोय ना मी? तो खालचा आहे. त्याला खालचाच सूर बसेल."

धाकट्याला राग आला, पण त्याने होकारार्थी मान हलवली. कारागिराने जाड तारा चढवून सूर खाली लावला. तंबोरा घुमला. चांगला घुमला. धाकट्याच्या गळ्याला तो सहज बसला. पण तो दादाचा नव्हता.

वर्षश्राद्धाच्या सकाळी धाकटा आणि वहिनी नदीवर गेली. धाकट्याने तारा छेडल्या आणि तो थांबला.

"हा सूर ऐकून दादा वळूनसुद्धा बघायचा नाही," म्हणत त्याने खुंटी पिळायला घेतली.

"भावजी, राहू द्या. आहे तो बरा आहे."

"थोडंच राहिलंय, वहिनी. आलाच दादाचा सूर!"

दांडी करकरली. वहिनीने हात पुढे केला, तोवर भोपळा फुटला. वरून निम्म्यापर्यंत चीर गेली, दांडी उखडली आणि सुटलेली तार धाकट्याच्या गालावर बसली.

दोघं तुकडे घेऊन कारागिराकडे गेली. त्याने ते नुसते उलटसुलट करून पाहिले. "लाकूड जोडता येतं. असा फुटलेला भोपळा पुन्हा सूर धरत नाही."

घरी परतताना वहिनी एवढंच म्हणाली, "तुम्ही तुमच्याच आवाजात गायचं होतंत, भावजी. मी तेच ऐकायला आले होते."

फुटलेल्या भोपळ्याचा खालचा भाग वाटीसारखा शाबूत राहिला. वहिनी त्यात मीठ ठेवते. जेवताना ती त्यातून मीठ वाढते, तेव्हा धाकटा मान वर करत नाही. त्याला पुन्हा गाताना कुणी ऐकलं नाही.

तात्पर्य: मागे जे उरलंय, ते त्याला पेलेल तेवढंच ताणावं. गेलेलं माणूस त्याने परत येत नाही, आणि उरलेलंही हातचं जातं.