गिव्ह मी श्रीखंड

निंबाळगडच्या हणमंतराजांना इंग्रजी शिकायचा झटका आला आणि साऱ्या राजवाड्याची पंचाईत झाली. मोघे मास्तरांनी महिनाभर घसा कोरडा केला, तेव्हा कुठे महाराजांना एक क्रियापद आलं. 'गिव्ह'. गिव्ह म्हणजे देणे. हो, आणखी एक शब्द आला, 'राँग'. तो मास्तरांनी मुद्दाम शिकवला नव्हता. महाराज काहीही बोलले की तो मास्तरांच्या तोंडून हळूच निसटायचा, आणि ऐकून ऐकून महाराज त्याच्या प्रेमातच पडले. 'करेक्ट'ही कानावरून गेला होता, पण अगदी क्वचित.

मग काय विचारता! लगेच हुकूम सुटला. यापुढे राजवाड्यात काहीही मागायचं किंवा द्यायचं, तर आधी 'गिव्ह'चं वाक्य बोलायचं. वाक्य बरोबर की चूक ते महाराज ठरवणार. चुकलं तर वस्तू मिळायची नाही, आणि बोलणाऱ्यानं गाशा गुंडाळून संस्थानाबाहेर चालतं व्हायचं.

माहूत बिचारा हत्तीसाठी म्हणाला, गिव्ह हत्ती ऊस. राँग! माहूत गेला, हत्ती उपाशी राहिला. न्हाव्यानं निम्म्यात वस्तरा मागितला. राँग! न्हावी गेला, आणि महाराजांची दाढी एका गालावर तशीच राहिली. मोघे मास्तरांनी घरी जाताना आपली छत्री मागितली, तीसुद्धा अस्सल इंग्रजीत. राँग! मास्तर छत्री सोडून जे पळाले, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. बरोबर वाक्य कसं असतं हे महाराजांनाही ठाऊक नव्हतं, पण म्हणून हार मानतील तर ते हणमंतराजे कसले?

असं करता करता पाळी आली बाळंभट आचाऱ्यांवर. दुसऱ्या दिवशी राजकन्येच्या सोयरिकीसाठी शिरसोलीचे जहागीरदार जेवायला यायचे होते. बाळंभटांनी कोठीच्या दारात उभं राहून तूप मागितलं, "गिव्ह मी तूप." नेमके महाराज मागे उभे! झालं. राँग! उद्याची पंगत उठली की चंबूगबाळं आवरा, असं सांगून महाराज निघालेसुद्धा.

बाळंभटांची मुलगी अंबू चक्का फेटत बसली होती. बाबांचं वय झालेलं, गुडघे दुखतात, या वयात नवं गाव, नवी चूल? चक्क्याचे हात तसेच घेऊन ती महाराजांच्या आडवी गेली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, एकदा संधी द्या.

महाराजांना गंमत वाटली. अर्ध्या दाढीवरून हात फिरवत ते म्हणाले, "बरं. उद्याच्या पंगतीत 'गिव्ह'चं एक तरी वाक्य माझ्या तोंडून करेक्ट ठरू दे. तुझा बाप राहील."

आजवर महाराजांनी कुणालाच करेक्ट म्हटलं नव्हतं. बाळंभट तर रात्रीच भांडी बांधायला लागले. अंबूनं मात्र श्रीखंडात केशर जरा जास्तच घातलं, वेलदोड्याची पूडही सढळ हातानं टाकली.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. चांदीचे पाट, रांगोळ्या, उदबत्त्या. पानात मीठ, लिंबू, चटणी वाढून झाली होती, कारण ते काम हुकूम आठवायच्या आत उरकलं होतं. पुढं मात्र सगळे वाढपी भात-वरण घेऊन भिंतीला टेकून उभे. तोंड उघडायची कुणाची टाप? उघडलं की राँग, आणि राँग की संस्थानाबाहेर!

अंबू श्रीखंडाचं पातेलं घेऊन थेट महाराजांच्या पानासमोर आली आणि उभी राहिली. बोलेना, वाढेना. महाराज 'राँग' म्हणायला टपून बसले होते, पण राँग म्हणायचं तरी कशाला? केशराचा वास दरवळत होता. निंबाळगडची रीत अशी, की राजानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी घास घ्यायचा नाही, आणि बसल्या पाटावरून कुणी हातानं वाढून घ्यायचं नाही. जहागीरदारांनी लिंबाची फोड निरखून निरखून पाहिली. मग पोट गुरगुरलं. ते कुणाचं, हे कुणी विचारलं नाही.

"वाढ की," महाराज कुजबुजले.

अंबूनं हळूच सांगितलं, की मराठीत मागितलेलं वाढायला बंदी आहे, आपलाच हुकूम.

जहागीरदारांच्या कपाळाला आठी पडली. जेवायला बोलावून पानावर ताटकळत ठेवतात म्हणजे काय! त्यांनी उपरणं सावरलं, एक गुडघा उचलला. व्याही भरल्या पानावरून उठला तर सोयरीक मोडलीच, आणि इथं तर पान भरलेलंही नव्हतं. महाराजांना घाम फुटला. पातेल्याकडे पाहत ते ओरडलेच, "गिव्ह मी श्रीखंड!"

अंबूनं पळी उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"महाराज, हे वाक्य कसं झालं? चुकलं असेल तर मला वाढता येणार नाही. आणि बोलणाऱ्यानं संस्थानाबाहेर..."

महाराजांनी पळीकडे पाहिलं. जहागीरदारांच्या वर आलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. राँग म्हणावं तर राज्यही गेलं, व्याहीही गेले आणि श्रीखंडही गेलं!

"करेक्ट," ते पुटपुटले.

"जरा मोठ्यानं, महाराज. बाबा मुदपाकखान्यात आहेत."

"करेक्ट! करेक्ट! वाढ आता!"

पळीभर श्रीखंड पानात पडलं. महाराजांनी पहिला घास घेतला, पंगत तुटून पडली, जहागीरदारांचा गुडघा खाली आला. वाटीभर श्रीखंड पोटात गेल्यावर महाराजांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"पण पोरी, वाक्य तर माझं होतं! तुझं कुठं होतं?"

"म्हणून तर करेक्ट ठरलं, महाराज!"

महाराज असे हसले, की दाढीच्या बाजूला श्रीखंड लागलं आणि बिनदाढीच्या बाजूलाही लागलं. जहागीरदार तर हसून हसून पाटावर डुलायला लागले. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून अंबूच्या हातावर ठेवलं, हुकूम जागच्या जागी रद्द केला, बाळंभटांना बोलावून आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं, आणि न्हाव्याला शोधायला घोडेस्वार पाठवला.