दोन रिकामी वर्षे

“पिंपे बारा वर्षे उभी आहेत, आक्का. मग बाटलीवर बारा लिहिले, तर त्यात खोटे ते काय?”

सन १९८६, मार्गशीर्ष महिना, कडाक्याची थंडी. टेकडीवरच्या मठात अंबाक्का मोरावळ्यासाठी आवळे टोचीत बसल्या होत्या. विचारणारा रणधीर घाटगे समोर सतरंजीवर ताठ बसला होता. व्हिस्की गाळण्याचे शास्त्र तो थेट स्कॉटलंडात शिकून आला होता आणि ते आल्यागेल्याला आपोआप कळावे, अशी त्याची बसण्याची ढब होती.

टेकडीखालचा कारखाना त्याच्या वडिलांचा, आबासाहेबांचा. भोवतालचे कारखानदार मळीपासून मद्य गाळीत. आबासाहेबांनी मात्र जवापासूनच गाळायचा हट्ट धरला. ओक लाकडाची पिंपे आणवली, त्यांवर स्वहस्ते ‘१९७४’ असे रंगवले आणि बारा वर्षांनी यांतली व्हिस्की बाहेर पडेल, असे चारचौघांत सांगितले. तेव्हापासून सारा मुलूख ‘घाटग्यांची बारा वर्षांची’ असेच म्हणू लागला.

यंदाच्या आषाढात आबासाहेब वारले.

“उभी आहेत… आणि भरलेली?”

रणधीर चाचरला. “दहा वर्षे. परवाना मिळेना, तांब्याची भट्टी बंदरात अडकलेली. पहिली दोन वर्षे पिंपे रिकामीच होती. लहानपणी मी ती ढोलासारखी बडवायचो.”

“मग?”

“पण उभी होती ना! एक तप झाले. उभे राहणे हेही तपच की.”

आतल्या खोलीत आक्कांची शिष्या फिस्सकन हसली.

“गोदे, हसतेस काय? फळीवरची मोठी बरणी आण. पाहुण्यांना मोरावळा देऊ.”

बरणी आली. आक्कांनी झाकण काढले, चमचा आत नीट फिरवला आणि रणधीरच्या तळहातावर उपडा केला.

हातावर काहीच पडले नाही.

“ही बरणी मठात चाळीस वर्षे आहे. चांगला मुरला असेल. खा.”

रणधीर रिकाम्या तळहाताकडे पाहत राहिला. प्रथम त्याला हसू आले. मग त्याने मूठ मिटली.

“आक्का, मला बाराचा सोस नाही. मी दहा लिहिले, तर आबा खोटे ठरतील. लोक म्हणतील, म्हातारा थापा मारून गेला.”

आक्कांनी आवळा खाली ठेवला.

“पिंपे रिकामी आहेत, हे मला तेव्हाच ठाऊक होते. कुणी सांगितले असेल?”

“…आबांनी?”

“मला सांगितले, देवळातल्या गुरवाला सांगितले, एस.टी.च्या कंडक्टरलासुद्धा. स्वतःच हसायचा. ‘आक्का, पिंपांत वारा मुरत घातलाय!’ बापाने जे झाकले नाही, ते तू झाकायला निघालास?”

रणधीरने सुस्कारा सोडला. आषाढापासून छातीवर असलेली धोंड कुणीतरी अलगद उचलली, असे त्याला वाटले. ताठ पाठ सैल झाली. त्याने वाकून नमस्कार केला आणि सतरंजीवरच मांडी घालून, लहान मुलासारखा, तो आवळे टोचू लागला.

पुढल्या गुढीपाडव्याला प्रकरण मिटले. पहिल्या बाटल्या बाहेर पडल्या. त्यांवर छापले होते, ‘दहा वर्षे मुरलेली’. मुंबईच्या व्यापाऱ्याने नाक मुरडले, भाव पाडला, आणि माल मात्र सगळा उचलला.

दुपारी रणधीर मठात आला.

“बाटली नाही ना आणलीस?”

“नाही हो आक्का, पेढे.”

तो बसला. पेढ्यांचा पुडा आक्कांपुढे सोडला.

“सगळे सुरळीत झाले. एकच सल राहिला. ती दोन वर्षे… कुठे लिहिली गेली नाहीत, कुणाला दिसली नाहीत. गेली कुठे?”

“तुझा बाप प्यायला, हसत हसत.”

“आबा? ते तर कधी थेंबही घेत नसत!”

आक्कांनी पेढा मोडून अर्धा त्याच्या हातावर ठेवला.

“तेवढीच घेतली.”