दोष न सांगता प्रार्थना

किती काळ लोटला ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावात गवतानं शाकारलेलं एक प्रार्थनाघर होतं. दर रविवारी तिथं सगळे जमत आणि ज्याला वाटेल तो उभा राहून इतरांसाठी प्रार्थना करी.

खरं तर उभ्या राहायच्या त्या तबीथाबाईच. आवाज खणखणीत, डोळे घट्ट मिटलेले.

"हे प्रभू, त्या कुंभाराचा आळस घालव. त्याची मडकी गळतात, तुला ठाऊकच आहे. शेजारच्या मार्थाची जीभ आवर. आणि माझी सून सुवार्ता, तिला जरा भराभर हात चालवायला शिकव. पाण्याला गेली की दुपार करते."

लोक माना खाली घालून 'आमेन' म्हणत. पुढं पुढं कुंभाराचं 'आमेन' ऐकू येईनासं झालं. मग कुंभारच दिसेनासा झाला.

एके दिवशी तबीथाबाई तणतणत पाळकबाबांकडे गेल्या. म्हातारे पाळकबाबा अंगणात शेंगा सोलत बसले होते.

"बाबा, मी दमले! या लोकांसाठी गुडघे झिजवले, पण एक माणूस सुधारेल तर शपथ. कुंभार यायचाच बंद झाला. मार्था माझ्याशी बोलत नाही. आणि सून तर दिवसेंदिवस जास्तच ढिम्म होतेय."

दर रविवारी हेच ऐकून पाळकबाबांचेही कान किटले होते. त्यांनी हातातली शेंग टोपलीत टाकली.

"तबीथाबाई, आत्ता इथंच सुनेसाठी प्रार्थना करा. फक्त तिचा एकही दोष देवाला सांगायचा नाही."

"त्यात काय मोठं!" तबीथाबाईंनी डोळे मिटले. "हे प्रभू, माझ्या सुनेला जरा अक्कल..."

"अंहं."

"तिचा हा उशीर..."

"अंहं!"

तबीथाबाईंनी डोळे उघडले. "मग मागू तरी काय?"

"ते मला काय विचारता? तिला विचारा! एका चुलीवरचं खाता ना दोघी?"

"म्हणजे आता सुनेला विचारून प्रार्थना करायची!" असं पुटपुटत तबीथाबाई तरातरा घरी आल्या.

सुवार्ता नुकतीच पाणी घेऊन आली होती. घागर खाली ठेवून ती भिंतीला टेकून उभी होती. चेहरा पांढराफटक पडला होता. 'किती हा उशीर' हे शब्द तबीथाबाईंच्या अगदी ओठांवर आले होते, ते त्यांनी कसेबसे गिळले.

"सुवार्ता, तुझ्यासाठी देवाकडे काय मागू गं?"

सून दचकली. "माझं काही चुकलं का, आत्याबाई?"

"चुकलं नाही गं बाई! सरळ विचारतेय, तर सरळ सांग की!"

सुवार्ताचे डोळे भरून आले. पदराचं टोक पिळत ती म्हणाली, "मला दिवस गेलेत. मागच्या वर्षी एक मूल पोटातच गेलं. म्हणून घागर उचलायची भीती वाटते. जागोजागी टेकवत येते."

तबीथाबाई घागरीशेजारी खाली बसल्या. "मागच्या वर्षी? आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते, आत्याबाई. पण तुम्ही रविवारी सगळ्या गावासमोर ते देवाला सांगाल, असं वाटलं."

तबीथाबाईंना सुनेचा राग आला, गप्प राहिलेल्या आपल्या मुलाचा आला, पाळकबाबांचाही आला. सगळ्यात शेवटी स्वतःचा आला, तो मात्र जाईना.

त्या उठल्या. "जा, आत जाऊन पड. उद्यापासून घागरीला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच पाण्याला निघाल्या. चढावर गुडघे करकरले, दम लागला. वाटेतल्या दगडावर घागर टेकवून त्या म्हणाल्या, "प्रभू, पोरीचं पोर सांभाळ. तिची भीती घालव. दुसरं काही मागत नाही." एवढी छोटी प्रार्थना त्यांनी जन्मात केली नव्हती.

रविवारी त्या उभ्या राहिल्या. लोकांनी सवयीनं माना खाली घातल्या.

"हे प्रभू, प्रत्येकाचं दुखणं तुला ठाऊक आहे. माझी गरज असेल तिथं मला पाठव," एवढंच म्हणून त्या बसल्या. आमेन म्हणायचंही लोकांना सुचलं नाही.

मग त्या कुंभाराकडे गेल्या. तो दार उघडेना. "अरे, भांडायला नाही आले, माफी मागायला आलेय! उघडतोस का आता?" असं ओरडल्यावर दार उघडलं. कुंभाराला दिसेनासं झालं होतं, मडक्यांच्या चिरा त्याच्या नजरेला पडत नव्हत्या. त्या दिवसापासून भाजलेली मडकी तपासायला तबीथाबाई बसू लागल्या. चीर दिसली की अजूनही चिडायच्या, पण चिडायच्या त्या मडक्यावर.

यथावकाश सुवार्ताला मुलगी झाली, सुखरूप. आणि गावातली माणसं एकेक करून तबीथाबाईंच्या ओसरीवर येऊ लागली. हळू आवाजात आपलं दुखणं सांगू लागली. ते दुखणं ओसरीवरून देवाकडे जाई. गावात कुणाच्या कानी पडत नसे.

बोध: ज्याच्यासाठी प्रार्थना करायची, त्याचे दोष देवाला ठाऊक असतातच, आपण त्याचं ओझं जाणून घ्यावं आणि उचलू लागावं.